शब्द आला कुठून? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला शब्दांचं वेड आहे हे एकदा लोकांना कळलं की संपलं. लग्नात पंगतीला बसले की कोणतरी विचारतंच, रिक्षात बसले तरी बाजूची मैत्रीण विचारते, सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाणीपट्टीचा विषय बाजूला ठेवून विचारतात. प्रश्न पण तेच तेच. म्हणून एकदाच सगळी उत्तरं इथे लिहून ठेवतेय, परत विचारलंत तर हेच पाठवीन.

उमेदवार म्हणजे नक्की काय? 'मेद' वगैरे काही आहे का त्यात?

मेद बऱ्याच उमेदवारांच्या अंगावर दिसतो पण शब्दात नाही. फारसीत उम्मीद म्हणजे आशा आणि 'वार' म्हणजे बाळगणारा, म्हणून उमेदवार म्हणजे आशेवर बसलेला माणूस, यापेक्षा अचूक वर्णन कोण करणार. आपल्याकडे उमेदवारी करणे याचा जुना अर्थ पण हाच होता, एखाद्या वकिलाकडे किंवा कारागिराकडे फुकट राबायचं, शिकायचं, कधीतरी आपली वर्णी लागेल या आशेवर. माझे आजोबा म्हणायचे "दोन वर्षं उमेदवारी केली तेव्हा कुठं नोकरी लागली", तेव्हा मला वाटायचं आजोबा निवडणुकीला उभे होते की काय.

आता इंग्रजीतला कँडिडेट घ्या. जुन्या रोममध्ये पदासाठी उभा राहणारा माणूस खडू लावून पांढराशुभ्र केलेला झगा घालून मतं मागत फिरायचा, आणि लॅटिनमध्ये पांढरं-चकचकीत म्हणजे कँडिडस. दोन हजार वर्षं झाली, ड्रेसकोड बदललेला नाही. त्याच धातूवरून मेणबत्तीला कँडेला म्हणायचे, तो शब्द ग्रीकमधून अरबीत कंदील झाला आणि तिथून आपल्या बाल्कनीत आला. म्हणजे दिवाळीतला आकाशकंदील आणि निवडणुकीतला कँडिडेट एकाच घरातले. आणि अजून मागे गेलं तर आपला संस्कृत चंद्र पण त्याच कुळातला, चमकणारा तो चंद्र.

आमदार, खासदार हे शब्द फक्त मराठीतच का? आणि यातलं 'दार' म्हणजे दरवाजा का?

दरवाजा नाही हो. 'दार' म्हणजे धारण करणारा, जसा किल्लेदार, जमादार, ठाणेदार. आम आणि खास हे अरबी शब्द, दिवाण-ए-आम आणि दिवाण-ए-खासमधले. हिंदीवाले विधायक आणि सांसद म्हणतात, आपण आमदार-खासदार म्हणतो, आणि उत्तरेकडचा माणूस पहिल्यांदा ऐकतो तेव्हा त्याला वाटतं हे कुठलं मुघल दरबारातलं पद आहे. मतदार तर अजून मजेशीर, अर्धा संस्कृत अर्धा फारसी. सरपंच तसाच, 'सर' म्हणजे फारसीत डोकं, पंच आपला. गावाचा कारभार असा दोन भाषांत वाटलेला आहे आणि कुणाची काही तक्रार नाही.

राजीनामा देणारा नाराज असतो, मग त्यात 'राजी' कसं काय?

हा मला सगळ्यात आवडलेला प्रश्न, दर वेळी कुणीतरी मंत्री राजीनामा देतो किंवा द्या द्या म्हणून दबाव येतो तेव्हा हमखास येतो. राजी म्हणजे तयार, कबूल. नामा म्हणजे लेख. राजीनामा म्हणजे 'माझी हरकत नाही' असं लिहून दिलेला कागद, बस. हिंदीत आजही राजीनामा म्हणजे दोन पक्षांमधली तडजोड, राजीनामा द्यायचा असेल तर ते इस्तीफा म्हणतात. मग मराठीत अर्थ फिरला कसा? इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यात शेतकऱ्याला जमीन सोडायची असली की तो सरकारला राजीनामा लिहून द्यायचा, म्हणजे मी राजीखुशीने हा ताबा सोडतोय, आणि जो नवीन माणूस ती जमीन घ्यायचा तो कबुलायत लिहून द्यायचा. जमीन सोडायचा कागद तो राजीनामा, मग खुर्ची सोडायचा कागद पण राजीनामा. आजकाल राजीखुशीने कोण देतं हा प्रश्न वेगळा, पण कागदावर सगळे राजीच असतात.

याच्या भावकीत जाहीरनामा, पंचनामा, वचननामा. पंचनाम्याला पाच पंच लागत नाहीत, दोघांवर पण भागतं.

मोर्चा आणि मोर्चेबांधणी, एक रस्त्यावर आणि एक बंद खोलीत, हे कसं?

मोर्चा मूळचा लढाईतला. किल्ल्याला वेढा घालताना आडोशाला खंदक खणून, मातीची भिंत उभारून तोफा लावायच्या, तो मोर्चा. मोर्चे बांधले म्हणजे तशी नाकेबंदी केली, मोर्चेबांधणीत तो जुना अर्थ जसाच्या तसा राहिलाय. रस्त्यावर घोषणा देत जाणारा मोर्चा नंतरचा. आणि बंद खोलीतलं विचारलंत म्हणून, खलबतं हा अरबी खल्वत, म्हणजे एकांत. रायगडावर गाईड खलबतखाना दाखवतात, जाऊन बघा, आत माणसं मावतील पण कॅमेरे नाही.

नवा कायदा आला, कलम बदललं, मग 'चारसोबीस' म्हणायचं बंद करायचं का?

१ जुलै २०२४ पासून १८६० ची भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. फसवणुकीचं कलम ४२० होतं ते आता ३१८ मध्ये गेलं, खुनाचं ३०२ चं १०३ झालं, जमावबंदीचं १४४ दुसऱ्या कायद्यातलं, ते १६३ झालं. पण कोणी कुणाला "काय तीनशे अठरा माणूस आहे" असं म्हणेल असं मला वाटत नाही, तोंडात बसत नाही ते. शब्द एकदा रस्त्यावर आला की कायदेमंडळाचं त्याच्यावर काही चालत नाही, सातवीतली मुलं पण चारसोबीस म्हणतात आणि त्यांच्या बापानं सुद्धा दंड संहिता उघडून बघितलेली नसते.

त्याच ओघात, कायद्याचं कलम आणि आंब्याचं कलम एकच का?

एकच. लेखणीचं कलम पण तेच. अरबी कलम म्हणजे बोरू, म्हणजे वेताची किंवा काडीची तासलेली लेखणी, आणि तो शब्द अरबीत बहुतेक ग्रीक कालामोसवरून आला, त्याचाही अर्थ बोरूच. तिरकस तासलेली काडी ती लेखणी, तशीच तिरकस तासलेली फांदी दुसऱ्या झाडात बसवली की ते कलम, आणि लेखणीने लिहिलेला एक एक मुद्दा ते पण कलम. रत्नागिरीचा शेतकरी कलमं लावतो आणि कोर्टात पोलीस कलमं लावतात, दोघांची फळं यायला वर्षं लागतात.

सातबारा म्हणजे सात की बारा?

दोन्ही. तलाठ्याकडे गावाचे जे ठरलेले नमुने असतात त्यातला गाव नमुना सात जमीन कुणाच्या नावावर आहे ते सांगतो आणि नमुना बारा त्यात पीक काय लावलंय ते सांगतो, दोन्ही एका कागदावर देतात म्हणून सातबारा. आता तो मोबाईलवर डाउनलोड होतो पण नाव तेच. "सातबारा कोरा करा" ही घोषणा म्हणजे त्यावरचा कर्जाचा बोजा पुसा.

शेतीचाच विषय निघालाय तर सांगते, महसूल, तहसील आणि "त्यात काय हशील" मधलं हशील, हे तिन्ही एकाच अरबी धातूचे, ह-स-ल, म्हणजे हाताला लागणे, मिळणे. तहसील म्हणजे वसूल करणं, महसूल म्हणजे जे वसूल झालं ते, आणि तहसील कार्यालयात चार फेऱ्या मारून आल्यावर जे तोंडातून निघतं ते हशील. जिल्हा पण अरबीच, मूळ अर्थ बरगडी किंवा बाजू. आणि मंजूर म्हणजे 'पाहिलेलं', नजर आणि मंजूर सख्खे भाऊ. साहेबांच्या नजरेखालून गेलं की मंजूर. फाईल वर्षभर टेबलावर पडून असते तेव्हा तिच्यावर कोणाची नजरच पडलेली नसते हे शब्दच सांगतोय.

मान्सून की मोसमी पाऊस? शुद्ध काय?

दोन्ही एकाच शब्दाची पोरं आहेत त्यामुळे भांडण नको. अरबी मौसिम म्हणजे ठरलेला काळ, ऋतू. अरबी खलाशी वाऱ्याच्या मौसिमवर केरळ-कोकणच्या किनाऱ्याला यायचे आणि वारा उलटला की परत जायचे. पोर्तुगीजांनी तो शब्द उचलून मोंसाव केला, इंग्रजांनी त्याचा मान्सून केला, आणि तो आपल्याकडे हवामान खात्याच्या बुलेटिनमधून परत आला. दुसरीकडे तोच शब्द फारसीतून सरळ मोसम म्हणून आधीच घरात होता. एक भाऊ बोटीने आला एक चालत आला.

२०२५ मध्ये मान्सून मुंबईत २६ मे लाच थडकला, नेहमीची तारीख ११ जून, तेव्हा आमच्या ग्रुपवर वाद झाला की हा मान्सून म्हणायचा की अवकाळी. अवकाळी म्हणजे आपल्या वेळेला सोडून आलेला, आणि मान्सून म्हणजे वेळेचा. म्हणजे वेळेच्या आधी आलेला वेळेचा पाऊस. डोकं फिरतं. त्यापेक्षा पाऊस म्हणा, तो संस्कृत प्रावृष् पासून प्राकृतात पाउस होऊन आलाय, त्याला तारखेची अट नाही.

दुष्काळ म्हणजे सुद्धा नुसता वाईट काळ, पाणी नाही असा अर्थ त्यात कुठेच नाही, म्हणून 'ओला दुष्काळ' हा शब्द लोकांना चुकीचा वाटतो पण तो बरोबर आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात शेतं वाहून गेली तेव्हा तो रोज पेपरात होता. सरकार मात्र अतिवृष्टी मोजतं, एका महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस पडला तरच. शेतकऱ्याकडे शब्द आहे, सरकारकडे पट्टी आहे.

आणि मोसंबीचा मोसमाशी काही संबंध नाही, ती मोझांबिकवरून आली.

पाव पायाने मळतात म्हणून पाव, हे खरं का?

नाही नाही नाही. हे मला वर्षातून किमान दहा वेळा कोणीतरी ठामपणे सांगतं, आणि सांगताना हातात वडापाव असतो. पोर्तुगीजमध्ये भाकरी-ब्रेडला 'पांव' म्हणतात, तोच शब्द. गोव्यात पहाटे सायकलवर भोंगा वाजवत पाव देणारा पोदेर येतो, तो पण पोर्तुगीज पादैरो. वसई-उत्तन-साष्टी हा सगळा पट्टा चिमाजी अप्पांच्या मोहिमेपर्यंत, १७३९ पर्यंत, पोर्तुगीजांकडे होता, त्यामुळे शब्द यायला गोव्यापर्यंत जायची गरज पण नव्हती.

घरात हिंडा आणि मोजा. चावी, बादली, परात, घमेलं, बिजागरी, फीत, कोबी, पपई, अननस, काजू. महिन्याचा पगार. नाही जमलं तर तुरुंग. गोव्यात असगांवला जन्मलेले पाद्री सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी १९१३ मध्ये आशियातल्या भाषांमधल्या अशा शब्दांचा आख्खा कोशच काढला, अजूनही या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचाच मानतात. आणि हापूस हे अफोन्सोचं झालेलं रूप, अल्बुकर्क साहेबांचं नाव. आपल्या आंब्याला पोर्तुगीज गव्हर्नरचं नाव, आणि २०१८ मध्ये त्याला जीआय टॅग मिळाला तो पण त्याच नावाने.

उपवासाला चालणारे पदार्थ जास्त जुने, सात्विक, आपले असतात ना?

इथे सासूबाई माझ्यावर रागावल्या होत्या, तरी सांगते. बटाटा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिकडचाच. मिरची तिकडची. रताळं तिकडचं. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावा तिकडचाच, आणि साबु हा शब्द मलाय भाषेतला सागु. म्हणजे एकादशीची खिचडी ही बऱ्यापैकी अमेरिकन डिश आहे. भगर आणि शिंगाडा आपले, पण पोरं भगर खात नाहीत.

यात शब्दाची खरी गंमत बटाट्याची. कॅरिबियन बेटांवरच्या लोकांच्या भाषेत बटाटा म्हणजे रताळं! युरोपियन लोकांनी दोन कंदांचा घोळ घातला, नाव चुकीच्या कंदाला चिकटलं, आणि ते आपण इमानेइतबारे चालवतोय. पोर्तुगीज बिचारे आता रताळ्याला 'गोड बटाटा' म्हणतात. मिरचीचं आपणही तसंच केलं, आपल्याकडे तिखट म्हणजे मिरी, संस्कृत मरिच, नवीन तिखट पाहुणी आली तर तिला मिरीच्याच नावात बसवून टाकलं.

साखर आणि शुगर सारखं वाटतं, योगायोग का?

योगायोग नाही, शुगर आपल्याकडून गेली. संस्कृत शर्करा, प्राकृत सक्कर, मराठी साखर. फारसीत शकर, अरबीत सुक्कर, मग युरोप. पण शर्करेचा मूळ अर्थ गोड नाही, खडे, रेती. ऊस आटवून जे खड्यासारखं राहायचं ते शर्करा. आयुर्वेदात लघवीतून पडणाऱ्या मुतखड्याच्या कणांना पण शर्करा म्हणतात. म्हणजे खडीसाखर हा शब्द 'खडे-खडे' असा झाला. आणि दुसरा शब्द खंड, तुकडा, त्याची खांड, फारसीत कंद, तिथून इंग्रजीत कँडी. पोरांना कँडी देताना आपलंच उसाचं खांड परत देतोय, वेष्टनाचे पैसे वेगळे.

सांबार संभाजी महाराजांच्या नावावरून पडलं ना?

तंजावरच्या दरबारात संभाजी महाराज आले, आमटीत आमसूल संपलं होतं म्हणून चिंच घातली, मग नाव सांबार, ही गोष्ट मी पण कॉलेजात असताना चवीने सांगितली आहे. पण संस्कृतात संभार म्हणजे जमवलेलं सामान, आणि स्वयंपाकात ते मसाल्याचं सामान. मी मूळची नागपूरची, आमच्याकडे सांभार म्हणजे कोथिंबीर. लग्न होऊन ठाण्यात आले तेव्हा भाजीवाल्याला म्हटलं "एक जुडी सांभार द्या", तो म्हणाला "ताई, ते समोरच्या उडप्याकडे मिळंल". सांभारवडीत सांभार भरपूर असतो आणि त्यात ना डाळीची आमटी ना महाराज.

पानिपतामुळे 'संक्रांत कोसळली' हा वाक्प्रचार आला, हे तरी खरं?

लढाई १४ जानेवारी १७६१ ची, संक्रांत १४ जानेवारीला, मग झालंच सिद्ध, असा सगळा हिशोब आहे. पण संक्रांत तेव्हा १४ ला नव्हती! ती हळूहळू पुढे सरकते, साधारण सत्तर वर्षांत एक दिवस. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकर संक्रांतीचा आणि तारीख १२ जानेवारी १८६३. त्याच्याही शंभर वर्षं मागे गेलात तर संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते, म्हणजे लढाईच्या चार दिवस आधी तिळगूळ होऊन गेला होता. संक्रांत ही देवी आहे, पंचांगात दरवर्षी छापतात की ती कशावर बसून येते, कुठल्या दिशेला जाते, कुठे बघते, आणि ज्याच्यावर तिची नजर त्याचं वाईट. संक्रांत येते ती तिथून. पानिपताचे वाक्प्रचार पाहिजेत तर 'पानिपत होणे' आहे, 'विश्वास गेला पानिपतात' आहे, ते अस्सल आहेत.

सावरकरांनी दिलेल्या शब्दांची यादी फिरते, ती खरी का?

अर्धी. महापौर, दिनांक, क्रमांक, चित्रपट, दिग्दर्शक यांचं श्रेय त्यांना देतात ते रास्त आहे, आणि हे इतके रुळलेत की घडवलेले वाटतच नाहीत, हीच त्या माणसाची कमाल. पण यादी फॉरवर्ड होता होता फुगते. माझ्याकडे आलेल्या एका यादीत नेपथ्य होतं, ते कालिदासाच्या नाटकात आहे. वेतन आणि शुल्क होतं, ते कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. टपाल पण होतं! टपाल मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात आहे आणि त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची, सावरकरांचा जन्म १८८३ चा. मी हे ग्रुपवर लिहिलं तर एका काकांनी मला देशद्रोही म्हटलं आणि दुसऱ्यांनी अंगठा दाखवला, कुणाला दाखवला ते कळलं नाही.

दप्तर शाळेचं आणि दफ्तर कचेरीचं, वेगळं का?

एकच, आणि मूळ ग्रीक. दिफ्थेरा म्हणजे कमावलेलं चामडं, त्यावर लिहायचे. ते फारसी-अरबीत दफ्तर झालं, हिशोबाची वही. मग वह्या जिथे ठेवतात ती कचेरी, आणि वह्या ज्यात बांधतात ते फडकं. पुण्याच्या पेशवे दफ्तरात अजून कागदांच्या गठ्ठ्यांना रुमाल म्हणतात. फडक्यात बांधलेली पाटी-पुस्तकं ते शाळेचं दप्तर. आता ऐका, घशाचा घटसर्प होतो त्यात चामड्यासारखा पापुद्रा धरतो म्हणून फ्रेंच डॉक्टरांनी त्याच ग्रीक शब्दावरून त्याला डिप्थेरिया नाव दिलं. बाळाला डीपीटीची लस देतो त्यातला 'डी' आणि चार वर्षांनी त्याच्या पाठीवर येतं ते दप्तर, एकच शब्द.

शाई म्हणजे फारसी सियाही, काळेपणा. म्हणजे लाल शाई म्हणजे लाल काळेपणा. मतदानाच्या वेळी बोटाला लावतात ती शाई म्हैसूरच्या कारखान्यात १९६२ पासून बनते आणि ती पण काळी नसते, जांभळी असते.

'तत्त्वांना हरताळ फासला' म्हणजे तत्त्वं संपावर गेली का?

छान कल्पना आहे पण नाही. हे दोन वेगळे हरताळ आहेत. संपाचा हरताळ म्हणजे हट्ट अधिक ताल, बाजाराला टाळं. टाळेबंदी मधलं टाळं तेच, आधी गिरणीमालक करायचे, २०२० मध्ये सरकारने केली. दुसरा हरताळ म्हणजे हरिताल, पिवळं खनिज, विषारी असतं. हाताने पोथ्या लिहायचे तेव्हा चूक झाली की त्याचा लेप त्या अक्षरावर फासायचे, पिवळट कागदात मिसळून जायचा, वर परत लिहायचं. म्हणजे तेव्हाचं व्हाइटनर. तत्त्वांना हरताळ फासला म्हणजे आधीचं लिहिलेलं झाकून टाकलं. पुढारी त्यावर परत काय लिहितात ते आपण बघतोच.

नात्यांचे शब्द पण बाहेरून आले का?

हे घरचेच, आणि भयंकर जुने. भगिनीची बहीण, श्वश्रूची सासू, मातृगृहाचं माहेर. जाऊ म्हणजे संस्कृत यातृ, नवऱ्याच्या भावाची बायको, आणि याच नात्यासाठी याच मुळाचा शब्द जुन्या ग्रीक आणि लॅटिनमध्ये पण होता. तिकडे तो कधीच मेला. इंग्रजीत आज जाऊबाईला धड शब्द नाही, सिस्टर-इन-लॉ मध्ये जाऊ, नणंद, मेहुणी, वहिनी सगळ्या कोंबतात, एका दिवाळीत त्यांची पंचाईत होईल. दीर पण तसाच जुना. नणंद म्हणजे ननान्दृ, आणि जुन्या संस्कृत टीकाकारांनी त्याची फोड केलीय 'न नन्दति', म्हणजे कितीही करा जी खूश होत नाही ती! ही व्युत्पत्ती शास्त्राच्या दृष्टीने खोटी आहे. मी नणंदेला सांगितली, ती पण खूश झाली नाही.

खरी व्युत्पत्ती आणि थाप, ओळखायची कशी?

दोन गोष्टी बघा, आवाज आणि तारीख. मराठीचे आवाज नियमाने बदललेत. हस्त, मग हत्थ, मग हात. सप्त, सत्त, सात. अष्ट, अट्ठ, आठ. दुग्ध, दुद्ध, दूध. कर्म, कम्म, काम. अद्य, अज्ज, आज. जोडाक्षर आधी दुहेरी झालं, मग एकेरी झालं आणि मागचा स्वर लांबला, हे शेकडो शब्दांत असंच दिसतं. कोणी शब्द सांगताना ही वाट सोडून उडी मारली की सावध व्हायचं. आणि तारीख म्हणजे वर टपालाचं केलं तसं, माणसाच्या जन्माआधी शब्द छापलेला असला तर विषय संपला. मोल्सवर्थ शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट शोधता येतो, कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्ति कोश १९४६ चा आहे, त्यातल्या काही व्युत्पत्त्या आता मागे पडल्यात पण सुरुवातीला तोच हातात घ्या. अजून एक, गोष्टीत राजा, आचारी आणि 'अचानक' असे तिन्ही आले तर ती थाप.

इतके परके शब्द, मराठी बिघडत नाही का?

शिवाजी महाराजांना पण हा प्रश्न पडला होता, त्यांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. मुजुमदाराचा अमात्य, सुरनीसाचा सचिव, डबीराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती, पेशव्याचा प्रधान. झालं काय? पुढे शंभर वर्षं लोक पेशवाच म्हणत राहिले. आणि फारसी पदं आडनावांत जाऊन बसली, मुजुमदार, चिटणीस, सबनीस, फडणीस, यातला 'नीस' म्हणजे नवीस, लिहिणारा. पण सचिव परत आला बरं का, मंत्रालयात आज मजल्या-मजल्यावर सचिव आहेत. म्हणजे तीनशे वर्षांनी का होईना कोश लागू झाला.

इंग्रजीचं म्हणाल तर आमच्या घरातलं एक उदाहरण. आजीच्या शिलाई मशीनवर दोऱ्याचं रीळ असायचं, ळ सकट, पूर्ण मराठी, कुणाला इंग्रजी वाटायचंच नाही. आता माझी भाची रील बनवते. तोच शब्द, दुसऱ्यांदा आला, ळ विसरून आला. आजीला कळलं असतं तर म्हणाली असती गुंता नको करू.

मराठी अभिजात झाली म्हणजे काय झालं?

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी, पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली यांना तो दर्जा मंजूर केला (मंजूर, म्हणजे पाहिला). अभिजात म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेला. इंग्रजी क्लासिकल पण तसाच, रोममध्ये वरच्या वर्गातला श्रीमंत नागरिक तो क्लासिकस. दोन्हीकडे खानदान काढलंय. ज्ञानदेवांना वाळीत टाकलं होतं, तुकोबा स्वतःला कुणबी म्हणवून घ्यायचे, आणि भाषेला आता कुलीनतेचं सर्टिफिकेट. असो, मिळालंय तर फ्रेम करून लावू.

तूप तरी शुद्ध मराठी आहे का?

कानडी. तुप्प. अडकित्ता पण कानडीच, अडिके म्हणजे सुपारी. अण्णा, अक्का, अप्पा दक्षिणेचे. पण पोळीवर वाढताना धार तेवढी बारीक नको धरू, असं म्हणणारी सासू मात्र श्वश्रू, ती इथलीच.